कोटातील चर्च : प्रस्तावना

मुंबईच्या कोटात, हॉर्निमन सर्कलच्या पश्चिम अंगास, बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या उंच इमारतींच्या दाटीत सेंट टॉमस कथीड्रल नावाचे जे पांढुरके, भारदस्त परंतु फारसे उंच नसलेले प्रार्थनामंदिर उभे आहे, त्याच्यावरून या शहरातील लक्षावधी माणसांची नित्य ये-जा होत असते. आणि पश्चिम रेल्वेच्या अखेरच्या स्थानकाचे नाव घेताना ती सर्व माणसे नकळत त्याचाच उल्लेख करीत असतात, कारण या चर्चकडे जाणारा कोटाच्या तटाचा जो दरवाजा, तोच चर्चगेट. तट गेला, दरवाजा गेला, त्या जागी फ्लोरा फाउंटन आले. पण ज्याच्यामुळे ते नाव पडले ती वास्तू मात्र आपल्या मूळ जागी कायम आहे. असे असूनही तिच्याविषयी मराठीत सविस्तर लेखन व्हावे तसे झालेले नाही. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली, म्हणजे कोटाचा तट पाडण्याचे काम चालू असतानाच, प्रसिद्ध झाले. त्यांच्यासारखी चौकस दृष्टी पुढील पिढ्यांनी या एका इमारतीकडे वळवली असती, तर प्रस्तुत पुस्तकाचे प्रयोजन कदाचित उरले नसते.

या उपेक्षेचे कारण उघड आहे. हे राज्यकर्त्यांचे देवस्थान. ते राज्यकर्त्यांनी राज्यकर्त्यांसाठी बांधले, त्यांच्याच पराक्रमाच्या स्मृतिशिला त्याच्या भिंतींवर बसवल्या, आणि ते निघून गेल्यावर आपण त्यास परक्याच्या घरातील वस्तू समजून बाजूस ठेवले. मला ही समजूत चुकीची वाटते, आणि ती चुकीची का हे सांगणे हाच या प्रस्तावनेचा हेतू आहे. या मंदिराच्या घडणीत श्रद्धेचा वाटा आहेच. परंतु त्याचा आकार, त्याची जाडी, त्याचे रखडणे आणि त्याचे अपुरे राहणे या चारही गोष्टी पैसा आणि भय यांनी ठरवलेल्या आहेत. हा पैसा मुंबई बंदराच्या व्यापाराचा होता, आणि ते भय बव्हंशी मराठ्यांचे होते. तेव्हा हा इतिहास आपल्या इतिहासाचाच एक भाग आहे, आणि तो वाचण्याचा अधिकार व जबाबदारी दोन्ही आपल्याकडे येतात.

इंग्लंडच्या राजास पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहसंबंधातून १६६१ च्या तहाने मिळालेले मुंबई बेट १६६८ साली वार्षिक दहा पौंडांच्या नाममात्र भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली झाले. पुढील वर्षी गव्हर्नर होऊन आलेला जेराल्ड ऑंजिअर हा या शहराचा खरा शिल्पकार. त्याने न्यायासने स्थापली, व्यापाऱ्यांना कौल देऊन बेटावर आणले, आणि ज्याने त्याने आपल्या धर्माप्रमाणे वागावे अशी हमी दिली. दीवच्या नीमा पारख या वाणी महाजनाशी झालेल्या करारात अशा हमीची कलमे आजही वाचावयास मिळतात. इतरांना असे आश्वासन देणाऱ्या या गव्हर्नराला स्वतःच्या लोकांसाठी मात्र प्रार्थनामंदिर नव्हते. किल्ल्यातील एका दालनात उपासना होत असे. ऑंजिअरने १६७५ साली एक रुपेरी चषक येथील ख्रिस्ती समाजास अर्पण केला आणि त्याच सुमारास चर्चचा पाया घालून भिंती उभारण्यास आरंभ केला. १६७७ साली तो सुरतेस मरण पावला, आणि भिंती पंधरा-वीस फुटांवर येऊन थांबल्या त्या थांबल्याच.

जवळजवळ चाळीस वर्षे त्या तशाच होत्या. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या समकालीन दर्यावर्दी व्यापाऱ्याने आपल्या प्रवासवर्णनात असा स्पष्ट आरोप केला आहे की चर्चसाठी पाच हजार पौंडांहून अधिक वर्गणी जमली होती, ती सर जॉन चाइल्ड याने अधिकारावर येताच गिळंकृत केली. हॅमिल्टन हा कंपनीचा दाखला देणारा माणूस नव्हे, तिचा टीकाकार होता, तेव्हा त्याच्या शब्दास किती तोलावे हे वाचकाने ठरवावे. पण एवढे खरे की चाइल्डच्या कारकिर्दीत बेटाची जी दुर्दशा झाली तीत मंदिराचे काम पुढे सरकणे शक्यच नव्हते. १६८३ मध्ये रिचर्ड केग्विनने कंपनीविरुद्ध बंड करून बेट ताब्यात घेतले. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला आणि त्याने इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. त्यापाठोपाठ रोगराई आली. १६९० साली येथे आलेल्या ओव्हिंग्टन या पाद्र्याने, मुंबईत माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी त्या काळची म्हण नोंदवून ठेवली आहे. ज्यांना तिसऱ्या पावसाळ्याची खात्री नव्हती, त्यांच्याकडून मंदिराच्या शिखराची अपेक्षा कोण करणार?

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब हा तरुण पाद्री मुंबईस रुजू झाला. त्याला तो अर्धवट उभा राहिलेला, गवत माजलेला सांगाडा रोज दिसत असे, आणि पोर्तुगीजांची अनेक देवळे व पारशांची अग्यारी ज्या बेटावर आहे तेथे इंग्रजांनी किल्ल्याच्या खोलीत प्रार्थना करावी याची त्याला लाज वाटे. (बनाजी लिमजी यांची अग्यारी कोटात १७०९ सालीच उभी राहिली होती, आणि ती आजही आहे.) १७१५ च्या जून महिन्यात त्याने व्यासपीठावरून हा विषय काढला, गव्हर्नर एस्लाबीने वर्गणीच्या यादीस आरंभ करून दिला, आणि मग कॉबने कंपनीच्या वखारींना पत्रे लिहून पैसा गोळा करण्याचा जो सपाटा लावला, तो पाहिला म्हणजे या माणसात धर्मोपदेशकाइतकाच एक नेटका कारभारीही होता असे म्हणावे लागते. वर्षअखेरीस चार्ल्स बून गव्हर्नर होऊन आला आणि कामास खरा वेग आला. हाच बून शहराभोवती तट उभारीत होता. अपोलो दरवाजा, चर्च दरवाजा आणि बाजार दरवाजा अशा तीन दरवाज्यांचा तो तट आणि हे मंदिर ही एकाच काळातील, एकाच कारभाऱ्याच्या हुकमतीखालील बांधकामे होत. त्यांचा विचार एकत्रच केला पाहिजे.

आता इमारतीकडे वळू. कॉबने मागाहून, १७६६ साली, आपल्या मंदिराचा जो वृत्तान्त छापून प्रसिद्ध केला, त्यात या रचनेचे वर्णन मोठ्या अभिमानाने केलेले आहे. मंदिर पूर्व-पश्चिम लांबीचे. आत खांबांच्या दोन रांगा, त्यांमुळे मधले मोठे दालन आणि दोन बगलांची दालने असे तीन भाग. तिन्हींवर दगडी कमानींचे लदाव. आणि पूर्वेच्या टोकास वेदीसाठी मोठा अर्धघुमट, जो लंडनच्या सेंट पॉल मंदिरातील रचनेची आठवण देईल असा केलेला होता. वेदीपर्यंत तीन पायऱ्या, आणि तिला दालनापासून वेगळे करणारा कठडा. कॉबला मंदिराच्या बळकटीइतकेच त्यातील प्रतिध्वनीचेही कौतुक होते. मद्रास आणि बंगाल येथील इंग्रजांच्या चर्चपेक्षा आणि मुंबईतील कोणत्याही पोर्तुगीज चर्चपेक्षा हे मोठे आहे, किंबहुना एखाद्या बिशपचे पीठ होण्याइतके मोठे आहे, असे तो म्हणतो. आणि ज्या काळी साऱ्या हिंदुस्थानात इंग्रजांच्या पंथाचा एकही बिशप नव्हता त्या काळी त्याने हे लिहावे, यात त्याची दूरदृष्टी म्हणा किंवा महत्त्वाकांक्षा म्हणा, दिसून येते.

परंतु दगडी लदाव कशासाठी? समुद्राकाठच्या या बेटावर लाकूड मुबलक येत होते, कोकणात कौलारू छपरे बांधणारे कसबी सुतार होते, आणि लाकडी छप्पर स्वस्तही पडले असते. दगडाच्या कमानींचे वजन पेलण्यासाठी भिंती जाड कराव्या लागतात, खांब भक्कम करावे लागतात, बाहेरून आधाराची योजना करावी लागते, आणि खर्च दुणावतो. तो खर्च ज्यांनी पत्करला त्यांच्या नजरेसमोर तोफेचा गोळा होता. शत्रूचे आरमार बंदरात शिरले आणि गोळे तटावरून आत पडू लागले, तर ज्या छपराखाली बायकामुले निर्धास्तपणे आश्रय घेऊ शकतील असे हे छप्पर असावे, हा त्यामागील हिशेब. मद्रासच्या किल्ल्यातील सेंट मेरी चर्चचे छप्पर १६८० सालीच याच विचाराने केलेले होते. मुंबईपुरता हा शत्रू कोण, हे सांगावयास नको. कुलाब्याचा कान्होजी आंग्रे सरखेल त्या वेळी आपल्या सामर्थ्याच्या शिखरावर होता. त्याची खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडाशीच होती. बूनने १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर मोहिमा केल्या आणि दोन्ही वेळा त्याला हात हलवीत परत यावे लागले. तेव्हा या मंदिराच्या माथ्यावरील कमानींकडे पाहताना मराठी माणसाला कान्होजीची आठवण झाली, तर ती अस्थानी नाही. कोणत्याही बखरीने दिलेल्या दाखल्यापेक्षा हा दाखला मला अधिक बोलका वाटतो, कारण शत्रूच्या स्तुतीत अतिशयोक्ती असू शकते, पण त्याने भीतीपोटी उचललेल्या दगडात ती नसते.

१७१८ च्या नाताळच्या दिवशी मंदिर उपासनेस खुले झाले. गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल समारंभाने आले, एका बालकाचा बाप्तिस्मा झाला, मंदिराच्या नावाने मद्याचे प्याले उचलले गेले, मेजवानी झाली, किल्ल्यावरून तोफांची सलामी झडली आणि बंदरातील जहाजांनी तिला उत्तर दिले. हे सर्व अपेक्षित असेच आहे. कॉबच्या वृत्तान्तातील जो तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो तो वेगळाच आहे. मंदिराबाहेर एतद्देशीयांची मोठी गर्दी जमली होती, आणि तीत रामा कामती आपल्या जातभाईंसह आला होता. उपासनेची शिस्त आणि नीटनेटकेपणा पाहून तो इतका संतुष्ट झाला की ती मंडळी सबंध उपासना संपेपर्यंत तेथे उभी राहिली, असे कॉब लिहितो.

हा रामा कामती म्हणजे त्या वेळच्या मुंबईतील बहुधा सर्वांत वजनदार हिंदू गृहस्थ. गौड सारस्वत, धनाढ्य व्यापारी, आणि कंपनीच्या देशी शिबंदीचा पुढारी. ज्या १७१५ साली कॉबने चर्चसाठी वर्गणी उभारली, त्याच साली मलबार टेकडीच्या टोकास, बाणगंगेच्या काठी, पूर्वी उद्ध्वस्त झालेले वाळकेश्वराचे देऊळ रामा कामतीच्या द्रव्याने पुन्हा उभे राहिले. एकाच बेटावर, एकाच वर्षी, दोन पडिक देवस्थानांचा उद्धार सुरू व्हावा, आणि त्यांपैकी एकाच्या कर्त्याने दुसऱ्याच्या उद्घाटनास येऊन दाराबाहेर आदराने उभे राहावे, हे चित्र ऑंजिअरच्या आश्वासनास साजेसे होते. ते टिकले नाही. दीड वर्षही लोटले नाही तोच, १७२० च्या आरंभी, त्याच बूनच्या सरकारने रामा कामतीस कैद केले. आरोप असा की तो कान्होजी आंग्र्यास फितूर असून त्याच्याशी गुप्त पत्रव्यवहार करतो. पुरावा म्हणून पत्रे हजर करण्यात आली, त्याच्या एका नोकराचा छळ करून जबानी घेण्यात आली, आणि मार्च महिन्यात त्यास जन्मठेपेची शिक्षा होऊन त्याची मालमत्ता जप्त झाली. काही वर्षांनी तो तुरुंगातच मरण पावला. ती पत्रे आणि त्यांवरील मोहर बनावट होती, हे मागाहून उघडकीस आले. तोवर त्याचा उपयोग त्याला राहिला नव्हता.

मी हा प्रसंग येथे विस्ताराने सांगितला, कारण या वास्तूचा इतिहास लिहिणारे बहुतेक इंग्रज लेखक पहिल्या अर्ध्या भागाशी थांबतात. देशी सावकार आपल्या उपासनेवर प्रसन्न झाला एवढे सांगून ते पुढच्या शतकाकडे वळतात. पण ज्या भयाने या मंदिराला दगडी छप्पर दिले, त्याच भयाने रामा कामतीस बेडी घातली. खांदेरीच्या अपयशानंतर कोणीतरी फितूर सापडलाच पाहिजे होता. या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या तर दोन्ही कळत नाहीत.

अठराव्या शतकाच्या उरलेल्या भागाविषयी येथे थोडक्यात सांगितले तरी चालेल. कॉबने मंदिरालगत गरीब मुलांसाठी एक धर्मादाय शाळा काढली होती, तिच्यातूनच पुढे भायखळ्याची आणि देवळालीची शिक्षणसंस्था वाढली. मंदिराचा विधिपूर्वक अभिषेक व्हावयास मात्र जवळजवळ एक शतक लागले. १८१३ च्या सनदेनंतर कलकत्त्यास बिशपची नेमणूक झाली, आणि बिशप मिडल्टन १८१६ साली मुंबईस आला तेव्हा त्याच्या हस्ते तो झाला. १८३७ मध्ये टॉमस कार हा मुंबईचा पहिला बिशप नेमला गेला आणि कॉबची भविष्यवाणी खरी ठरली. पुढील वर्षी जुन्या ठेंगण्या घंटाघराच्या जागी आजचा घड्याळाचा मनोरा चढला. त्याच काळात मुंबईतील रस्त्यांची अंतरे या चर्चपासून मोजण्याची पद्धत होती. काळ्या बसाल्टाचे मैलाचे दगड बेटभर रोवले गेले, आणि त्यांवर रोमन आकड्यांत सेंट टॉमस चर्चपासूनचे मैल कोरले गेले. त्यांपैकी काही अलीकडे पदपथांत गळ्यापर्यंत गाडले गेलेले सापडले. डांबराचे आणि फरशांचे थर एकावर एक चढत गेले, आणि दगड जागचा न हलता जमिनीखाली गेला. दक्षिण मुंबईच्या पदपथांवरून डोळे उघडे ठेवून चालणाऱ्यास त्यांची भेट आजही होऊ शकते.

पैशाचा दुसरा खेळ १८६० नंतर सुरू झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, हिंदी कापसाचे भाव आकाशास भिडले, आणि मुंबईत अवघ्या चार-पाच वर्षांत अमाप संपत्ती आली. गव्हर्नर बार्टल फ्रिअरने तट पाडून टाकला. चर्चसमोरच्या ज्या मोकळ्या मैदानात कापसाच्या गाठींचे ढीग पडत असत तेथे एल्फिन्स्टन सर्कल आखले गेले, ज्यास आपण आज हॉर्निमन यांच्या नावाने ओळखतो. अशा दिवसांत जुने चर्च कोणास पुरेसे भव्य वाटणार? जेम्स ट्रब्शॉ या वास्तुविशारदाने ते वाढवून नव्याने घडवण्याची योजना केली, आणि पूर्वेकडील वेदीचा भाग उंच, टोकदार कमानींच्या आद्य गॉथिक शैलीत १८६५ पर्यंत बांधून झालाही. त्याच वर्षी युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअरबाजार बुडाला, आणि पेढ्यांपाठोपाठ पेढ्यांची दिवाळी निघाली. उरलेली योजना कागदावरच राहिली. म्हणून आज मंदिरात शिरणाऱ्यास बूनच्या काळातील साधे, जड, गोल कमानींचे दालन आणि त्याच्या टोकास एकाएकी उंचावणारा, रंगीत काचांनी उजळलेला गॉथिक गाभारा अशी दोन शतके परस्परांस चिकटलेली दिसतात. शैलीच्या शुद्धतेचे चाहते या सांध्यावर नाक मुरडतात. मला तो सांधा अत्यंत मोलाचा वाटतो. १८६५ च्या मुंबईत कोणत्या महिन्यापर्यंत पैसा होता, हे कोणत्याही खतावणीपेक्षा तो अधिक स्पष्टपणे दाखवतो. आवारातील कारंजे त्याच दशकाच्या औदार्याचे स्मारक. ते सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून झाले आणि त्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ख्रिस्ती मंदिराच्या दाराशी पारशी दात्याचे पाणी, ही गोष्ट या शहराच्या स्वभावास धरूनच आहे.

भिंतींवरील स्मृतिशिलांविषयी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. येथे त्यांतील मोजकीच नावे घेतो. वडगावच्या मोहिमेवर निघालेल्या कमिटीतील जॉन कार्नॅक येथे आहे. १७७९ च्या जानेवारीत महादजी शिंद्यांसमोर ज्यांना तह लिहून द्यावा लागला, त्यांच्यापैकी तो एक. आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या रणावर पेशव्यांच्या फौजेविरुद्ध इंग्रज पलटणींचे नेतृत्व करणारा कर्नल बर हाही येथेच आहे. वडगाव आणि खडकी, मराठेशाहीच्या उत्तरार्धाचा एक उत्कर्षबिंदू आणि तिचा अंत, या दोहोंच्या मध्ये मराठी माणूस एकाच छपराखाली उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात काय उठते ते ज्याचे त्याने अनुभवावे. मी एवढेच सांगेन की त्या संगमरवराकडे पाठ फिरवून बाहेर येणे मला योग्य वाटत नाही. याच भिंतीवर जोनाथन डंकनचे स्मारक आहे. १७९५ पासून १८११ पर्यंत, मृत्यूपर्यंत, तो मुंबईचा गव्हर्नर होता, आणि त्याच्या स्मारकावर काशी आणि काठेवाड या दोन प्रांतांत बालहत्या बंद केल्याचा उल्लेख कोरलेला आहे. जाडेजा घराण्यांत मुलगी जन्मताच तिला मारण्याची जी चाल होती, तिच्याविरुद्ध कर्नल वॉकरने १८०८ च्या सुमारास संस्थानिकांकडून करारनामे लिहवून घेतले ते डंकनच्याच अंमलात. चाल एका कराराने नाहीशी झाली नाही, पुढे कित्येक दशके तिच्याशी झगडावे लागले. तथापि लढाया जिंकणाऱ्यांच्या रांगेत एका माणसाची कीर्ती मुलींच्या जिवावरून मोजली जावी, ही गोष्ट मला मोठी वाटते. नेपोलियनने ज्याच्या जहाजावर शरणागती पत्करली तो ॲडमिरल मेटलंड, आणि कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये बर्फात मरण पावलेला रॉयल इंडियन मरीनमधील लेफ्टनंट बॉवर्स, यांच्याही स्मृती येथे आहेत. बंदराचे शहर असल्यामुळे सातासमुद्रांचे मृत्यू येथे येऊन नोंदले गेले.

१९७० पासून हे मंदिर उत्तर भारतीय चर्चकडे आहे, आणि तेथे नित्य उपासना चालते, हे अभ्यासकाने विसरू नये. आपण ज्यास ऐतिहासिक वास्तू म्हणतो ते कित्येकांचे चालते देवस्थान आहे. ब्रिंदा सोमाया यांच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धारास २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला.

पुस्तकाच्या मांडणीविषयी एक शब्द. वास्तूचा इतिहास पायाच्या दगडापासून लिहिण्याची रीत आहे. ती सोडून पहिले प्रकरण मी १६६८ च्या सनदेपासून आणि त्या वेळच्या जकातीच्या उत्पन्नापासून सुरू केले आहे, आणि दुसरे प्रकरण आंग्र्यांच्या आरमारावर आहे. चर्चची पहिली भिंत त्यामुळे तिसऱ्या प्रकरणात उभी राहते. केवळ वास्तुशिल्पात रस असलेल्या वाचकाने तेथूनच वाचावयास घेतले तरी हरकत नाही. परंतु छपराचे प्रकरण येईल तेव्हा त्याने दुसऱ्या प्रकरणाकडे एकदा अवश्य परतावे, आणि रामा कामतीच्या खटल्याचे कागद, जे शेवटी मराठीत उतरवून दिले आहेत, ते सबंध वाचावेत.